मंडळाच्या खोलीतला कॅरम

मित्रांनो, मी घाटकोपरच्या डोंगरावरच्या एका चाळीतला जुना कॅरम बोर्ड आहे. साकीनाक्याच्या एका गाळ्यात माझी फळी कापली, चौकट ठोकली आणि मंडळाच्या पोरांनी मला रिक्षात कसाबसा कोंबून इथे आणलं. मला पहिल्यापासून चौकशीची खोड. चार जण माझ्यावर वाकले की मी सोंगट्या सोडून त्यांची तोंडंच बघत बसतो.

एके काळी माझा काय रुबाब होता! चाळीतला दत्ताराम राणी घ्यायला बसला की गल्ली दाराशी गोळा व्हायची. मग ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. झुरळांशिवाय कोणी विचारेना. फार वाईट वाटायचं.

गेल्या वर्षी दवाखान्यातर्फे धम्मपाल नावाचा तरुण समुपदेशक दर शनिवारी मंडळाच्या खोलीत बसू लागला. दारावर मोठ्या हौसेने फलक लागला, 'मनाचे आजार : मोफत सल्ला'. पण खोलीसमोरच पाण्याचा नळ! आत पाऊल टाकलं की हंडे घेऊन उभी असलेली सगळी चाळ बघणार. एक जण आला, पंखा चालू आहे का ते बघून गेला. दुसरा चुलतभावासाठी सल्ला विचारायला आला, पण त्या चुलतभावाचं नाव काही त्याला आठवेना. मला नवल वाटायचं. गुडघा दुखला तर ही माणसं चाळभर सांगतात, मग मनाचंच का लपवतात?

शेवटी एका शनिवारी धम्मपालने फलक उतरवला, मला बाहेर ओढलं, पुसलं आणि पावडर टाकून एकटाच खेळत बसला. टकटक ऐकून दाराशी कोणीतरी आलं. दत्ताराम! मी आधी ओळखलंच नाही. कारखाना बंद पडून नोकरी गेल्यापासून तो घराबाहेर पडत नव्हता. गालफडं बसली होती.

"ये ना दादा, एक डाव," धम्मपाल म्हणाला.

दोघे खेळू लागले. माना खाली, नजर सोंगट्यांवर. कॅरम खेळताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. असे काही शनिवार गेले. एकदा राणी अगदी भोकाच्या तोंडाशी होती आणि दत्तारामचा हात स्ट्रायकरवर थांबला.

"जगावंसंच वाटत नाय रे," तो खाली बघत म्हणाला.

धम्मपाल गडबडला नाही. त्याने सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येतो का, दादा?"

"येतो. सुगंधाला नको सांगू."

"वहिनीला सांगू या, आपण दोघं मिळून. आज तुला एकटं सोडणार नाय मी."

डाव तसाच टाकून ते उठले. सुगंधाला बोलावून दोघांनी सगळं सांगितलं; तिने नवऱ्याचा हात घट्ट धरला आणि तिघेही लगेच रुग्णालयात गेले. पुढे काय झालं ते मला कोण सांगणार? मी नुसता काळजीत.

मग एका शनिवारी दत्ताराम स्वतःच्या पायांनी आला. उपचार चालू होते, चेहरा थोडा भरला होता. सोबत वरच्या चाळीतला दादू होता.

"हा पण माझ्यासारखाच गप्प झालाय," दत्ताराम धम्मपालला म्हणाला. दादूला त्याने माझ्यासमोर बसवलं आणि बाहेरच्यांना आतलं दिसू नये म्हणून स्वतः दार अडवून उभा राहिला.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, असं खरं तर मी म्हणायला हवं. पण ते राहू द्या. कोणी गप्प गप्प झालं तर त्याच्याजवळ बसा, घरातल्या मोठ्यांना सांगा, त्याला डॉक्टरांकडे एकटं पाठवू नका. आज तुमच्या घरी कोण कमी बोललं? जा, आधी ते बघून या.