डोकं कोणी चोरत नाही

लहानपणी दिसेल ते बटण दाबायची खोड होती, म्हणून घरात तिचं नाव बटणच पडलं. लिफ्टचं, मिक्सरचं, दवाखान्यातल्या घंटेचं, काही म्हणून सुटलं नाही. पुढे कॉलेजात संगणकाच्या दुसऱ्या वर्षाला गेली तरी काकांच्या तोंडी तेच नाव राहिलं. "आलं का बटण!" असं ते कारखान्याच्या आतूनच ओरडायचे, तिच्या चपलांच्या आवाजावरून.

कारखाना म्हणजे दोन खोल्या. काका कृत्रिम पाय बनवायचे. पुढच्या खोलीत चालायचा सराव करायला दोन लाकडी दांड्या, समोर पुरुषभर उंचीचा आरसा. मागच्या खोलीत प्लास्टरची पोती, भट्टी, कानशी, चामड्याचे पट्टे आणि मिस्त्री. मिस्त्री साचे ओतायचे, काका मापं घ्यायचे आणि घासायचे. कोपऱ्यातल्या टेबलावर संगणक, त्यावर कायम पांढऱ्या भुकटीचा थर. बटण आली की आधी फुंकर मारायची, मग बसायची.

तिचा एक ब्लॉग होता. प्रिंटरमध्ये अडकून बसलेलं काम कसं काढावं, चुकून बंद झालेली टॅब परत कशी आणावी, मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर काय करावं, अशा रोजच्या युक्त्या ती त्यात लिहायची. दोनशेच्या वर लेख झाले होते. प्रत्येक लेख आधी काकांना वाचायला लागायचा. काका चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावायचे आणि नेमकी खोड काढायचे.

"इथे 'सोपं आहे' लिहिलंयस. कोणाला सोपं? तुला?"

"काका, सगळ्यांनाच सोपं आहे हो."

"मग लिहायला कशाला हवं?"

ती चिडायची, पण वाक्य काढून टाकायची.

त्या संगणकात काकांचा जीव होता. तेवीस वर्षांत त्यांच्याकडे पाय बनवून घेतलेल्या अकराशे माणसांच्या फायली त्यात होत्या. मापं तर होतीच, पण मापांपेक्षा टिपणं मोलाची. कोणाची कोणत्या ठिकाणी शीर दुखते, कोण उतारावर घाबरतो, कोणाला पावलाची टाच दोन मिलिमीटर खाली लागते. सोबत फोटो. एकदा या फायलींची प्रत असलेला पेनड्राइव्ह मिस्त्रींच्या खिशातून पडला तेव्हा काका दोन दिवस जेवले नाहीत. सापडला तो गटाराच्या जाळीवर, पण तोवर त्यांचं मन उडालं होतं.

"माणूस बायकोसमोर पाय काढत नाही, तो इथे काढतो," ते म्हणाले. "ते फोटो कोणाच्या हाती लागले तर मी तोंड कुठे लपवू? बटण, याला काहीतरी कर."

बटणला हेच हवं होतं. तिने नुकतंच एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर शोधलं होतं. त्यात सगळ्या फायली एका पेटीत जातात आणि पेटीला पासवर्डचं कुलूप लागतं. तिने एका रविवारी बसून अकराशेच्या अकराशे फायली पेटीत घातल्या. मूळ फायली नुसत्या पुसल्या नाहीत, कोणाला परत काढता येऊ नयेत अशा घासून पुसल्या. पेटीच्या तीन प्रती केल्या, एक कारखान्यात, एक काकांच्या घरी, एक स्वतःजवळ. दहा मिनिटं कोणी हात लावला नाही तर कुलूप आपोआप लागेल अशी सोयही केली. मग पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा ती उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"अगं, तुला कळलं तर काय बिघडलं?" काका हसले.

"नाही. नियम म्हणजे नियम. निदान बारा अक्षरं टाका. आणि कुठे लिहून ठेवायचं नाही."

मागे कळफलकाचा टकटक आवाज आला. काका एका बोटाने टाइप करायचे, त्यामुळे बराच वेळ लागला.

त्याच आठवड्यात तिने त्यावर लेख लिहिला. "हे कुलूप बनवणाऱ्यालाही उघडता येत नाही," असं लिहिलं. शेवटी टाकलं, "पासवर्ड कागदावर लिहू नका. डोक्यात ठेवा. डोकं कोणी चोरत नाही." त्या वाक्यावर ती स्वतःच खूश होती. काकांनीही या लेखात एकही खोड काढली नाही.

दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला काका साचा घासता घासता खाली बसले. मिस्त्रींना वाटलं कानस पडली म्हणून वाकले असतील. पण काकांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, उजवा हात लोंबत होता. मिस्त्रींनी त्यांना उचलून गाडीत घातलं आणि सरळ रुग्णालय गाठलं. जाताना संगणक चालूच राहिला. पेटी उघडी होती. मिस्त्री रुग्णालयाच्या दाराशी पोहोचेपर्यंत दहा मिनिटं होऊन कुलूप लागलं असेल.

काका वाचले. पण उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. तोंडातून एकच आवाज निघायचा, "ता". तहान लागली तरी ता, दुखलं तरी ता. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना माणसं ओळखू येतात, बोललेलं बरंचसं कळतं. पण अक्षरं, आकडे, वाचणं हे सगळं विस्कटलंय. येईल थोडंफार, पण घाई करू नका."

घाई करू नका म्हणणं ठीक होतं, पण कारखान्याच्या दाराशी माणसं उभी होती. सात वर्षांची एक मुलगी होती, तिला दरवर्षी पाय बदलावा लागायचा. एक पोस्टमन होता, त्याचा जुना कृत्रिम पाय आतून पार झिजला होता. मिस्त्रींनी अंदाजाने पोस्टमनचा नवा साचा ओतला. अकरा वर्षं काका त्याच्या पायात एका जागी बोटभर पोकळी सोडत आले होते, कारण तिथे शीर वर आलेली होती. मिस्त्रींना पोकळी माहीत होती, जागा माहीत नव्हती. तिसऱ्या आठवड्यात पोस्टमनला जखम झाली, पाचव्या आठवड्यात ती चिघळली, आणि तो कुबड्यांवर आला.

"तुमचा दोष नाही," तो मिस्त्रींना म्हणाला. "साहेबांच्या हातात होतं ते."

बटण तिथेच होती. ते हातात नाही, इथे टेबलावर आहे, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं.

तिने सुचेल ते करून पाहिलं. काकूंचं नाव, लग्नाची तारीख, आजोबांचं गाव, गाडीचा नंबर, उलटं सुलटं. मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसून एक प्रोग्रॅम लिहिला, तो रांगेने पासवर्ड टाकून बघायचा. पण ते सॉफ्टवेअर प्रत्येक प्रयत्नाला मुद्दाम वेळ लावायचं, चोर कंटाळून जावा म्हणून. तिनेच लेखात त्याचं कौतुक केलं होतं. चार लाख शब्द झाले, काही उघडलं नाही. तिन्ही प्रती तिने समोर मांडून ठेवल्या होत्या, तीन सारखे डबे, तिन्ही बंद.

प्रयोगशाळेचे सर तिच्या मागे उभे राहून बघत होते. "किती अक्षरं?"

"बारा तरी. मीच सांगितलं होतं."

"मग सोड," सर म्हणाले. वाईट हेतूने नाही, जसं आहे तसं. "तुझं शिक्षण संपेल, माझी नोकरी संपेल, हे संपणार नाही."

त्या दिवशी तिने ब्लॉगवरून तो लेख काढून टाकला. मग सहज शोधलं तर तोच लेख दुसऱ्या पाच ठिकाणी निघाला. लोकांनी उचलून आपापल्या नावावर छापला होता, शेवटच्या वाक्यासकट. खाली अभिप्राय होते. "फार उपयुक्त माहिती." "आजच केलं, धन्यवाद." पाचही ठिकाणी तिने लिहिलं की पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. एका ठिकाणी तिला उत्तर आलं, "ताई, आधी लेख नीट वाचा, मग बोला."

मग राहिले काका. रोज दुपारी कॉलेजातून ती त्यांच्या घरी जायची, पलंगावर आडवी फळी टाकून त्यावर कळफलक ठेवायची आणि म्हणायची, "काका, पेटी उघडायची."

काकांना कळायचं. डावा हात थरथरत वर यायचा, एक बोट बाहेर निघायचं आणि अक्षरांवर घिरट्या घालायचं. कधी पाच बटणं दाबून हात गळायचा, कधी वीस दाबायचे. ती प्रत्येक प्रयत्न वहीत उतरवून घ्यायची आणि पडद्यावर लाल अक्षरांत चूक असल्याचं यायचं. काका तिच्या तोंडाकडे बघायचे. तिने मान हलवली की त्यांचा चेहरा लहान व्हायचा. दीड महिना हे चाललं. काकूंना ते बघवेना.

"पुरे कर गं," त्या एके दिवशी स्वयंपाकघरात तिला म्हणाल्या. "तू गेलीस की ते रडतात. सगळं अंग पुसून होईपर्यंत रडतात. त्या पायांपायी माझा माणूस घालवशील."

त्या दुपारी काकांनी तेरा बटणं दाबली. शेवटचं दाबताना घामाचा थेंब कळफलकावर पडला. पडद्यावर पुन्हा लाल अक्षरं आली. काका तिच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात इतकी विनवणी होती की तिच्या तोंडून निघून गेलं,

"उघडलं! काका, उघडलं!"

काकांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि हसले. अर्ध्या तोंडाने हसले, पण मोठ्याने. "ता! ता!" करत त्यांनी तिच्या डोक्यावर थापटलं. काकू धावत आल्या आणि त्यांना हसताना बघून दारातच पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. बटणने त्यांना खरं सांगितलं नाही. त्या संध्याकाळी काका पोटभर जेवले.

दोन दिवसांनी ती वही चाळत बसली होती. टाकून द्यायच्या आधी एकदा बघावी म्हणून. बघता बघता ती एका पानावर थांबली आणि मागची पानं उलटायला लागली. शेवटच्या आठ दिवसांच्या प्रयत्नांत पहिली पाच अक्षरं तीच होती, त्याच क्रमाने. आधीच्या महिन्यात कुठेच मेळ नव्हता, पण या आठ दिवसांत होता. काकांना आठवत होतं, हळूहळू, एकेक अक्षर.

ती वही घेऊन सरांकडे धावली. सरांनी खुर्ची पुढे ओढली. "अजून तीन अक्षरं जरी नक्की मिळाली," ते म्हणाले, "तर आपण हे करू शकू. इथली सगळी मशीन लावतो मी. जा, लगेच जा."

ती तशीच काकांकडे गेली. फळी टाकली, कळफलक ठेवला. "काका, पुन्हा एकदा. पासवर्ड."

काकांनी हसून मान हलवली. उघडलंय की. त्यांनी कळफलक डाव्या हाताने दूर सारला आणि दाराकडे बोट केलं. कारखाना. पेटी उघडली, आता कामाला लागू, असं ते बोट सांगत होतं. तिने बरंच समजावलं, पण खरं काय ते सांगायला तिची जीभ रेटेना. काकू म्हणाल्या, "एवढं मन झालंय तर नेऊन आण. बरं वाटेल त्यांना."

चाकांच्या खुर्चीत बसवून त्यांना नेलं. मिस्त्रींना तिने आधी फोन करायला हवा होता. ते डोक्यात आलं तेव्हा खुर्ची उंबऱ्यावर चढली होती.

समोर दांड्यांशी ती सात वर्षांची मुलगी बसली होती. मिस्त्री तिच्या पायाला टेपने मोजत होते आणि तिची आई शाळेच्या वहीत आकडे लिहून घेत होती. "इथे दुखतं का? इथे? बरं, इथे?" मिस्त्री दाबून दाबून विचारत होते. मुलगी दर वेळी आईच्या तोंडाकडे बघून मगच उत्तर देत होती. पाच वर्षं काकांनी तिचा पाय बनवला होता, तिचं कुठे दुखतं हे काकांना तिच्याहून जास्त माहीत होतं.

काका बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून आतल्या खोलीतल्या टेबलाकडे पाहिलं. संगणक बंद होता, त्याची वायर काढून गुंडाळून ठेवलेली होती.

"साहेब!" मिस्त्री उठले. आनंदाने त्यांना काही सुचेना. "बघा, सगळी मापं नव्याने घेतोय. जे येतात त्यांची तरी होतील. फायली तर काही उघ..."

बटणने हात वर केला, पण उशीर झाला होता.

काकांनी तिच्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, राग तिला चालला असता. ते बराच वेळ तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिले. मग डाव्या हाताने खुर्चीचं चाक फिरवायला लागले. एका हाताने फिरवल्यामुळे खुर्ची जागच्या जागी गोल वळली आणि त्यांची पाठ सगळ्यांकडे झाली.

त्यानंतर त्यांनी कळफलकाला हात लावला नाही. तिने पाया पडून माफी मागितली, वही उघडून ती पाच अक्षरं दाखवली, सरांचं बोलणं सांगितलं. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनीही समजावलं. पण ते बोट पुन्हा बाहेर निघालं नाही. पुढच्या महिन्यात दुसरा झटका आला, आणि त्यानंतर माणसं ओळखणंही कमी कमी होत गेलं.

बटण अजून रोज दुपारी जाते. काकूंना हातभार लावते, काकांना कुशीवर वळवते, उशी सारखी करते. ती जवळ आली की काका डोळे मिटून घेतात. ओळखून मिटतात की झोप येते म्हणून, ते काकूंनाही सांगता येत नाही.