मौनींच्या टेबलावरचा फोन

मित्रांनो, भंगाराच्या या ढिगात, मोडका पंखा आणि फुटकी बादली यांच्या मधोमध एक पिवळट पडलेला जुना फोन दिसतो ना, तो मी आहे. माझी वेटोळ्यांची वायर अर्ध्यावर तुटली आहे आणि पाचाचं बटण आत जाऊन बसलं आहे. तरी माझी हकीकत ऐका. मी जन्मभर इतरांचं ऐकत आलो.

कारखान्यात माझी जुळणी झाली. शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी मला कानाला लावून "हॅलो, एक, दोन, तीन" म्हटलं, मान डोलावली आणि खोक्यात बंद केलं. खोकं उघडलं ते शेअरबाजारातल्या एका दलाली पेढीत. लांबलचक हॉल, टेबलाला टेबल लागलेलं, आणि सकाळी घंटा झाली की जो तो घसा फोडून ओरडायचा. मला ज्यांच्या टेबलावर ठेवलं ते मात्र कधीच आवाज चढवत नसत. म्हणून सगळे त्यांना मौनी म्हणायचे.

मौनी ऑप्शनचा व्यापार करत. ऑप्शन विकणं म्हणजे काय, हे त्यांनी एकदा आपल्या ताईला माझ्यावरूनच समजावलं होतं.

"ताई, समज, तुझ्या घराचा विमा मी उतरवला. तू मला थोडे पैसे दिलेस. काही झालं नाही तर ते माझे. घर जळालं तर सगळी भरपाई मी करायची. इथे घराऐवजी शेअरचा भाव असतो, एवढंच."

"आणि एकाच दिवशी दहा घरं जळाली तर?"

मौनी हसले. "तर मग मीच जळालो."

शेजारच्या टेबलावर मामा बसायचे. सगळ्या हॉलला हसवणारा माणूस. एके सकाळी भाव असे कोसळले की दुपारपर्यंत मामांचं होतं नव्हतं ते गेलं. त्यांचा स्वतःचा फोन वाजायचा थांबेना, म्हणून त्यांनी मला उचललं, घरी फोन लावला आणि म्हणाले, "आज जेवायला माझी वाट बघू नका." मग ते जिना उतरून गेले, ते परत आलेच नाहीत. त्यांचा कोट खुर्चीवर आठवडाभर तसाच होता. शेवटी मौनींनीच तो घडी करून मामांच्या घरी पोचवला.

त्यानंतर मौनींनी नोकरी सोडली. मोठ्या पेढ्या छोट्या माणसाला नागवतात, त्याला संगणकावरून कमी दलालीत थेट बाजारात आणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या. पेढीने टाकून दिलेला मी त्यांच्या पिशवीतून तिथे आलो. चार संगणक, एक गळकी मोरी आणि ग्राहकांच्या फोनवर बसायला एक बाई.

मौनींनी एक नियम केला होता. ज्याला पहिल्यांदा ऑप्शन विकायचं असेल त्याने आधी फोन करायचा. बाई त्याला विचारायच्या, "सगळं बुडालं तर घर कसं चालवाल?" काहीजण रागाने फोन आपटायचे. काहीजण "बघतो" म्हणायचे आणि पुन्हा फोन करायचे नाहीत. एका गृहस्थांनी तर वर्षाने मुद्दाम फोन केला. "बाई, त्या दिवशी तुमचा फार राग आला होता. आज मुलीची फी भरली," म्हणाले. त्या दिवशी बाईंनी मला ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलं. माझ्या आयुष्यातले ते खरे सुखाचे दिवस.

कंपनी वाढली. काचेच्या इमारतीत दोन मजले घेतले. पैसा घालणारे एक साहेब यायला लागले. ते एकदा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या फोनपाशी दहातले सहा ग्राहक गळतात."  दुसऱ्या दिवशी मौनींनी बाईंना बोलावलं.

"फोनऐवजी आता पडद्यावर सूचनेची चौकट येईल. त्यावर टिचकी मारली की झालं."

"साहेब, ती चौकट कोणी वाचत नाही."

"मला माहीत आहे," मौनी म्हणाले.

बाई हजेरीच्या कामावर गेल्या. मी कपाटात गेलो. त्या वर्षी व्यवहार तिपटीने वाढले आणि मौनींचा फोटो वर्तमानपत्रात आला.

मग तो दिवस उजाडला. सकाळीच भाव गडगडले. लोक घाबरून एकदम कंपनीच्या ॲपवर आले आणि ते जागच्या जागी थिजलं. कोणालाच आपल्या सौद्यातून बाहेर पडता येईना. बाईंनी धावत येऊन मला कपाटातून काढलं आणि भिंतीत जोडलं. माझा जुना नंबर अजून लोकांकडे होता. मी वाजू लागलो. बाई कागदावर सौदे लिहून घेत होत्या, ओरडून पुढे सांगत होत्या. अकराच्या सुमाराला त्यांनी मौनींना हाक मारली. "तुमच्या ताई."

"अरे, तुझे भाऊजी सकाळपासून त्या पडद्यासमोर बसलेत. काहीतरी विकून ठेवलंय, ते परत घेता येत नाहीये. बोलत नाहीत रे काही."

"भाऊजी ऑप्शन विकतात? मला का नाही सांगितलंत?"

"आपल्या माणसाची कंपनी म्हणून केलं. त्यांना कोणी काही विचारलं का?"

तेवढ्यात पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. ताईंच्या हातून फोन सुटला. "अहो, अहो, इकडे बघा," असं त्या कितीतरी वेळ म्हणत होत्या. मौनी मला कानाशी धरून उभे होते. 

भाऊजी वाचले, पण उजवं अंग आणि वाचा गेली. महिन्याभराने मौनींनी ताईंना फोन केला.

"ताई, तुमच्याकडून कंपनीला येणं असलेली तूट मी सोडून दिली."

"आणि बाकीच्यांची?"

"सगळ्यांची सोडली तर कंपनी बुडेल."

"मग आमचीही नको," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांनी राहतं घर विकलं.

चौकशी झाली, दंड झाला. कंपनी आजही आहे. चौकटीतली अक्षरं थोडी मोठी केली, इतकंच. मौनी आपला हिस्सा विकून निघून गेले. बाईंनी राजीनामा दिला. कपाट रिकामं करताना कोणीतरी मला वायरीला धरून उचललं आणि वायर तुटली.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. माझी विनवणी वेगळी आहे. जुनं यंत्र काढून नवं बसवाल, तेव्हा जुन्यापाशी बसलेलं माणूस काय सांभाळत होतं ते आधी बघा. आणि धोका तुम्हाला ठाऊक असेल, तर तो समोरच्याला तोंडाने सांगा.

ॲप थिजलं त्या दिवशी बाईंनी एकशे बारा फोन घेतले. संध्याकाळी त्यांचा आवाज पार बसला, तेव्हा त्या उठल्या. हॉल रिकामा झाला, दिवे मालवले. मी वाजतच होतो.