कोरा शब्द

"कुत्र्याला लाच देता तुम्ही, बाई," सेक्रेटरी म्हणाले. उजव्या हाताची पट्टी मला नीट दिसावी म्हणून तो हात त्यांनी मुद्दाम टेबलावर ठेवला होता.

"रिटायर होईपर्यंत तुम्ही पगार घेतलात, ती लाचच का?"

शिंपीकाकांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. कुत्रा त्यांचा, बिल्डिंगमध्ये शब्द सेक्रेटरींचा, आणि मदतीला बोलावलेली मी ही अशी तोंडाळ. पण मला कुणी शिकवायला जावं आणि मी गप्प बसावं, हे या जन्मात व्हायचं नाही.

कुत्र्याचं नाव साहेब. तो चावल्यानं सेक्रेटरींच्या हाताला दोन टाके पडले होते. आता तीन आठवड्यांची मुदत होती. त्यानंतरच्या रविवारी मास्तर येऊन कुत्रा बघणार, आणि ते म्हणतील तेच सगळ्यांनी ऐकायचं असं ठरलं होतं. राहिला तर राहिला, नाहीतर त्यांच्या गाडीतून गेला.

मास्तर कोण ते मला कुणी सांगायला नको. त्यांच्या कुत्र्यांच्या शाळेत मी अकरा वर्षं काढली. पिंजरे धुतले, मानेवर काटेरी पट्टे आवळले. त्या पट्ट्यानं कुत्रा ऐकतो, खोटं कशाला बोलू? पण ऐकून झाल्यावर तो तुमच्या तोंडाकडे बघत नाही. एक दिवस मी तो पट्टा मास्तरांच्या टेबलावर ठेवला आणि निघून आले. तेव्हापासून कमरेला उकडलेल्या चिकनची पिशवी बांधून घरोघर जाते. लोक मला खाऊवाली म्हणतात. म्हणोत बापडे. एक गोष्ट मात्र मला पक्की ठाऊक होती: मास्तरांच्या गाडीतून गेलेला चावरा कुत्रा अकरा वर्षांत एकदाही घरी परतलेला मी पाहिला नव्हता.

काकांच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. साहेब कापड बेतायच्या टेबलाखाली अंग चोरून बसला होता. मी त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसले आणि एकेक तुकडा मागे सरकवत राहिले. चावरा कसला, नुसता भेदरलेला होता बिचारा. अर्ध्या तासानं माझ्या कोपराला त्याचं नाक लागलं.

काकांना हुरूप आला. "साहेब, इकडे ये," ते गोड आवाजात म्हणाले.

साहेबाचे कान मागे गेले. तो सरपटत भिंतीला टेकला आणि गुरगुरू लागला.

"या शब्दाला नेहमी असंच करतो?"

"हो ना. इतक्या मायेनं बोलावतो मी."

"बोलावून काय करता?"

काका विचारात पडले. "अंघोळ घालतो. कानात औषध. मागं त्यानं गिऱ्हाइकाचा कोट फाडला, तेव्हा कापड मोजायच्या गजानं एक दिला."

"आणि सेक्रेटरी?"

"तेही इकडे ये म्हणाले, अन् तो गेलाच नाही म्हणून त्यांनी जाऊन त्याचा पट्टाच धरला."

मला हसू आलं आणि रागही आला. 'इकडे ये' म्हणून बोलावल्यावर कुणाचं कधी भलं झालंय? माझे वडील 'इकडे ये जरा' म्हणायचे, तेव्हा त्या 'जरा'तच सगळं काही असायचं. स्वयंपाकघरात आई हातातली भांडीसुद्धा आवाज न करता खाली ठेवायची.

"हा शब्द नासलाय, काका," मी म्हटलं. "नासलेलं दूध कितीही उकळा, त्याचं दूध होत नाही. दुसरा घ्या. या घरात रागानं कधी वापरलेला नाही असा."

काकांनी 'चल' सुचवला. मग 'अरे', मग 'बाळ'. कोपऱ्यात शर्टांची काजं करत बसलेल्या काकू प्रत्येक शब्दाला मान न उचलता "नाही" म्हणत होत्या. शेवटी त्यांनी दातानं दोरा तोडला.

"शाबास घ्या," त्या म्हणाल्या. "तो या घरात अगदी कोरा आहे."

"काहीतरीच तुझं."

"एकतीस वर्षं काजं करतेय. ऐकला असता तर आठवला असता."

काका बराच वेळ कात्रीशी चाळा करत बसले.

मग त्यांनी हळूच विचारलं, "पण शाबासकी तर काम झाल्यावर देतात ना?"

"नंतर देऊ म्हणणारे कधीच देत नाहीत. तुम्ही आधी द्या."

पहिले चार दिवस काका तो शब्द ठसका लागल्यासारखा बोलायचे. शाबास, की लगेच चिकनचा तुकडा. आधी हाताच्या अंतरावरून, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाहून, मग जिन्यात, मग लांब दोर बांधून अंगणात. काकूंना काही शिकवावंच लागलं नाही. तिसऱ्या आठवड्यात साहेब झोपेतून उठूनही त्या शब्दाला धावत येऊ लागला.

रविवारी अख्खी बिल्डिंग अंगणात उतरली. मास्तर गाडीला टेकून उभे होते, मागचा पिंजरा उघडा. दोराचं टोक माझ्या हातात, दोर ढिला. वीस पावलांवरून काका म्हणाले, "शाबास." साहेब धावत गेला आणि त्यांच्यापुढे बसला.

"ही झाली जादूगिरी," सेक्रेटरी म्हणाले. "नीट हुकूम द्या. इकडे ये म्हणा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवायच्या आतच ते बोलले.

"नाही म्हणणार."

गिऱ्हाइकांना 'हो, हो' म्हणण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस हे बोलत होता. आणि तो बोलायचा थांबला नाही. "तो शब्द आम्ही घरातून काढला. चूक साहेबाची नव्हती, माझी होती."

"मग मी म्हणतो." सेक्रेटरी दोन पावलं पुढे आले आणि ओरडले, "इकडे ये!"

साहेबाच्या पाठीवरचे केस उभे राहिले. तो दात दाखवून गुरगुरला. लोक मागे सरले. मी दोर आवळत होते, तेवढ्यात पायरीवरून काकू नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "शाबास."

गुरगुर अर्ध्यावर तुटली. साहेब वळला, काकूंकडे गेला आणि बसला. त्यांनी त्याला तुकडा दिला.

मी मास्तरांकडे पाहिलं. माणूस कडक, पण कुत्रा कळणारा. चवताळलेलं जनावर मानेला हात न लावता माघारी वळलं, आणि हे त्यांच्या अख्ख्या शाळेत कुणाला जमलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून बोट वाकडं केलं.

"ए, इकडे ये जरा."

अकरा वर्षं या हाकेला मी हातातली बादली टाकून धावले होते. आताही टाच उचलली गेलीच होती. ती मी खाली टेकवली.

"तुम्हीच या, मास्तर. मी कामात आहे."

मास्तरांचा गुडघा दुखरा. ते लंगडत, सगळ्यांच्या देखत, अख्खं अंगण ओलांडून माझ्याजवळ आले. बराच वेळ साहेबाकडे बघत राहिले.

"किती दिवस लागले तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मला त्यांनी 'तुम्ही' कधीच म्हटलं नव्हतं.

"एकवीस."

"मास्तर, न्यायचा ना?" सेक्रेटरींनी लांबूनच विचारलं.

"राहू दे इथंच. आणि त्याला तसं बोलावू नका कुणी." मास्तर वळले, लंगडत परत गेले आणि त्यांनी पिंजऱ्याचं दार लावलं.

माझे पाय जागचे हलले नव्हते.