ग्रेकोवची बढती

त्या रविवारीही लिओनिद ग्रेकोव मेजरच राहिला.

जर्मनीतल्या उंटरश्लाइसहाइमच्या त्या घरात त्याला मेजरच्या वर कधी कुणी जाऊच दिलं नव्हतं. वासुदेवरावांचा उभा जन्म ओझरला मिग विमानं जोडण्यात गेलेला. तिथला नियम असा, की तपासणी चालू असताना कुणी मध्ये बोललं, तर यादी पुन्हा पहिल्या कलमापासून धरायची. गोष्टीलाही त्यांनी तोच नियम लावला. त्र्याऐंशी साली ओझरला आलेला, त्यांच्या डब्यातला ठेचा खाऊन ढसाढसा रडलेला हा रशियन कॅप्टन पुढे हवाई दलात कसकसा चढत गेला, ते सांगताना कुणी तोंड उघडलं, की ग्रेकोव पुन्हा कॅप्टन होऊन ठेच्यापाशी येऊन बसे.

"तर मेजर झाल्यावर त्याला पार सैबेरियात धाडला—"

"बाबा, उद्या माझं प्रेझेंटेशन आहे. नंतर सांगा ना," त्यांची लेक ऊर्मिला म्हणाली.

"हरकत नाही. घेऊ पहिल्यापासून." त्यांनी रिकाम्या बाटल्यांची पिशवी उचलली.

"अहो बाबा, आज रविवार, इथे आवाज करायला बंदी. आज खालच्या काचेच्या पेटीत बाटल्या फोडल्यात तर तळमजल्यावरच्या लेकनरबाई भांडायला येतील."

"येऊ देत. त्या निदान ऐकून तरी घेतात."

सोमवारी त्यांचा चहा गार झाला, तरी ते उठले नाहीत, म्हणून ती बघायला गेली.

बाराव्या दिवशी फ्राउ लेकनर सफरचंदाचा केक घेऊन आल्या. सांत्वन झालं, केक संपला, तरी बाई हलेनात. शेवटी त्यांनी विचारलंच.

"आल्झो... तर मग, तो जनरल झाला का?"

"कोण?"

"ग्रेकोव. त्या रविवारी बाटल्यांवरून मी रागवायला गेले, तर आम्ही कर्नलपर्यंत पोचलो. मग मी म्हटलं, पाऊस येतोय. झालं, परत मिरची."

वासुदेवरावांना जर्मन येत नव्हतं, बाईंना मराठी. दोघांनी खांद्यावरचे तारे बोटांनी दाखवून हवाई दल चालवलं होतं. ऊर्मिलाला हसू फुटलं. बारा दिवसांत पहिल्यांदाच, आणि ते आवरेना.

तिने कपाटातून बाबांची वही आणली. पहिल्या पानावर कॅप्टन ग्रेकोव, शेजारी पेपरातलं पिवळं कात्रण. शेवटचं पान उघडलं असतं, तर बाईंना लगेच उत्तर मिळालं असतं. तिने ते उघडलं नाही. बाईंनी बशी बाजूला सारली आणि त्या नीट सावरून बसल्या.

ऊर्मिलाने पहिलं पान समोर धरलं आणि बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "सांगा, बाबा. मी मध्ये बोलणार नाही."