बाबांचा आवाज फाटतो

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. माझी डावी गादी उसवली आहे, वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी आहे आणि सध्या माझा मुक्काम कपाटावर, बंद पडलेल्या इस्त्रीच्या शेजारी आहे. तरी माझ्यातून आवाज अजून स्वच्छ येतो. तेच तर माझं दुःख आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या बाईंनी मला कानांना लावून पाहिलं, मान डोलावली आणि खोक्यात घातलं. दुकानातून मी आलो तो थेट बाबांच्या घरी. बाबा छापखान्यात कामाला होते. आठवडाभर यंत्रांच्या खडखडाटात उभं राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी घरचे व्हिडिओ नीटनेटके करत बसायचं, हा त्यांचा छंद.

घरच्या व्हिडिओत आवाजाचा नेहमी सावळागोंधळ असतो. कॅमेऱ्याजवळचा माणूस कानठळ्या बसवतो, लांबचा पुटपुटतो, आणि पंख्याची घरघर सगळ्यांवर कुरघोडी करते. बाबा मला डोक्यावर चढवून एकेक वाक्य सारखं करत. पडद्यावर आवाजाची पट्टी नाचायची. हिरवी, पिवळी, मग लाल.

"लालला टेकला की आवाज फाटतो," ते थोरल्या मुलाला शिकवायचे. "मोठ्याला खाली आण, बारक्याला वर उचल. पण कुणाला पुसू नकोस."

धाकटी मुलगी फार हळू बोलायची. तिचं बोलणं घरघरीतून शोधून वर काढताना बाबांना कोण आनंद व्हायचा! पाहुणे म्हणायचे, "तुमच्या व्हिडिओत सगळ्यांचं बोलणं कसं नीट कळतं हो!" तेव्हा मी खुंटीवर लटकल्या लटकल्या फुशारून जायचो.

पुढे छापखान्याने बाबांचे कान खाल्ले. ऐकू कमी येऊ लागलं तसे ते मोठ्याने बोलू लागले. ते फोनवर बोलायला लागले की सूनबाई आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची. धाकटी तोवर दूरच्या शहरात निघून गेली होती. जाताना भांडण झालं आणि बाबा रागाच्या भरात म्हणाले, "गेलीस तर परत येऊ नकोस." तेव्हापासून बापलेकीचं बोलणं तुटलं. तिची खुशाली थोरल्याच्या फोनवर यायची, आणि थोरल्याला वाटेल तेवढीच बाबांपर्यंत पोहोचायची.

बाबांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला थोरल्याने व्हिडिओ काढला. केक कापून झाल्यावर बाबा कॅमेऱ्याकडे वळले आणि भिंती हादरतील अशा आवाजात म्हणाले, "धाकटे, रागात बोललो होतो गं! तुझी खोली आहे तशीच आहे. ये तू!" मग थोरल्याला म्हणाले, "हे तिला पाठव हं."

व्हिडिओ नीट करायला थोरला बसला, तेव्हा मी त्याच्या डोक्यावर होतो. ते वाक्य आलं, पट्टी लाल झाली आणि त्याने मला एका कानावरून सरकवलं.

"काय झालं?" सूनबाईने विचारलं.

"बाबा तिला बोलावतायत."

"ती आली म्हणजे खोली गेली. तुझं कामाचं टेबल मग मांडायचं कुठे? माझ्या डोक्यावर?"

थोरल्याने बाबांचा आवाज शून्यावर ओढला आणि त्या जागी गोड बासरी घातली.

सगळ्यांनी मिळून व्हिडिओ पाहिला. पडद्यावर आपले ओठ हलताना बघून बाबांनी विचारलं, "माझं बोलणं कळतंय ना?"

"एकदम स्पष्ट!" सूनबाई म्हणाली, आणि हसू लपवायला पाण्याचा पेला तोंडाला लावला.

बाबा वाट बघत राहिले. रोज एकदा विचारायचे, "धाकटी काही म्हणाली?" थोरला म्हणायचा, "व्हिडिओ छान झालाय म्हणाली." "एवढंच?" "एवढंच."

एका दुपारी बाबांनी मला खुंटीवरून काढलं, पुसलं आणि तो व्हिडिओ आवाजाच्या पट्ट्यांसकट उघडला. कानांपेक्षा त्यांचे डोळे तयार होते. आपण तोंड उघडतो आणि आपल्या आवाजाची रेघ जमिनीसारखी सपाट पडते, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी थोरल्याला हाक मारली.

"तुमचा आवाज फाटत होता, बाबा," थोरला म्हणाला. "लोकांचे कान किटतात."

बाबा ओशाळले. "खरंय रे. मी ओरडतो हल्ली. तुला वेळ नसेल, मीच करतो."

मित्रांनो, त्यांनी विश्वास ठेवला! मूळ चित्रण उघडून, केवळ पट्टीकडे बघत, त्यांनी आपला आवाज तसूतसूने खाली आणला. थोडा चिरका राहिला, पण प्रत्येक शब्द कळत होता. या वेळी व्हिडिओ त्यांनी स्वतः पाठवला.

दुसऱ्या दिवशी धाकटीचं उत्तर आलं, तिच्याच आवाजात. बाबांनी मला घाईघाईने कानांवर बसवलं. आवाज वाढवला, आणखी वाढवला, पट्टी लाल केली. कानांपर्यंत नुसता नाद पोहोचत होता, शब्द पोहोचत नव्हते. शेवटी त्यांनी मला थोरल्याच्या हातात दिलं. "जरा ऐकून सांग रे."

मी थोरल्याच्या कानात एकही शब्द गाळला नाही. "बाबा, मला यायचंय. पण दादा म्हणतो, व्हिडिओतलं बोलणं वाढदिवसाच्या भरातलं आहे, एरवी तुम्हाला माझं नावही नको आहे. तुम्ही एकदा 'ये' असं लिहून पाठवा, मी लगेच निघते. नाहीतर मी समजेन, की दादाच खरं बोलतोय."

थोरल्याने मला डोक्यावरून उतरवलं आणि बाबांच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं, "तिला जमणार नाही म्हणते."

"चिडून म्हणाली?"

"नाही. शांतपणे."

"बरं," बाबा म्हणाले. "मग खोली उगाच कशाला अडवायची? तू घे."

टेबल आत नेताना एक बाजू बाबांनीच धरली होती. संध्याकाळी त्यांनी माझी वायर नीट गुंडाळली आणि मला कपाटावर ठेवलं.

मित्रांनो, मला मऊ कापडाने पुसा, वायर ओढू नका, एवढं सगळेच सांगतात. माझी विनवणी वेगळी आहे. ज्याला ऐकू येत नाही असा माणूस कधी तुमच्यापाशी येईल आणि विचारेल, "काय म्हणाली रे?" तेव्हा ती जे म्हणाली, तेच सांगा.