पाव्हण्यांचा मान नि वालाची ओल

“जगाला बोलव नायतर उंबरमाळीला बोलव, माझ्या शेतात नाय!”

बा एवढ्या जोरात ओरडला की ओटीवरची कोंबडी उडून थेट पाण्याच्या पिंपावर बसली.

झालं होतं असं. मॅडमनी वर्गात सांगितलं, दोन हजार तीसचे राष्ट्रकुल खेळ आपल्या देशात, अहमदाबादला होणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी तर बाकच बडवला. तेव्हा मी एकोणीस वर्षांची असणार! कबड्डी असेल का त्यात, असं विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, ते अजून ठाऊक नाही. मी म्हटलं, चालेल, तोवर आपणही कुणाला तरी बोलवू. उंबरमाळी गावच्या पोरींना, कबड्डी खेळायला. येत्या रविवारी!

गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीलासुद्धा हळूच ‘हजर’ म्हणायची. यंदा कबड्डीत चढाईला जायला लागले नि तोंडाचं कुलूपच निघालं. निरोप गेला, तिकडून होकार आला, आणि मग आठवलं, आमच्या शाळेला पटांगण कुठंय? उरला बाचा रस्त्यालगतचा सपाट तुकडा. भात कापून मोकळा झालेला.

“तिथं वालाचं बी टोकायचंय,” बा म्हणाला. “यंदा पाऊस रेंगाळला म्हणून ओल टिकलीय. त्यावर गाव नाचलं की जमिनीचा दगड होईल. मग वाल काय तुझ्या टाळ्यांवर उगवणार?”

“रविवारी आमी खेळतो, सोमवारी तू टोक.”

“बघ अनिता!” बा आयकडं वळला. “शाळेला पटांगण नाय नि ही पाव्हणे बोलावतेय. पार दिल्लीपासून आपल्या ओटीपर्यंत एकच तऱ्हा!”

खरं सांगू? बाचं मला पटत होतं. उन्हाळ्यात टँकरमागं हंडे घेऊन आमी धावायचं, नि तिकडं शहरांत मैदानांवर हिरवळ भिजवायची. राग येतोच ना! पण त्याच वेळी पोटात अशा गुदगुल्या होत होत्या की उभं राहवत नव्हतं. राग आणि गुदगुल्या दोन्ही एकदम आले की माणसानं करायचं काय?

निकाल हौसाकाकीनं दिला. ती बाची चुलती. तिच्यापुढं बा अजून चड्डीतला पोर.

“दामू, बोलावणं गेलंय ना? मग झालं. बोलावून दार लावायची रीत आपल्यात नाय.”

बानं मान खाली घातली. “एकच दिस. पण ओल उडाली नि वाल गेला, तर वर्षभर वालाचं बिरडं मागायचं नाय.”

बिरड्याशिवाय वर्ष! तरी मी हो म्हटलं.

शनिवारी आमी सात जणींनी भाताची खुंटं उपटली. हाताला फोड आले. चुलीतल्या राखेनं रेषा आखल्या. रविवारी जीप आली नि पहिली उडी मारली जिवलीनं. उंबरमाळीची कॅप्टन. काटक, काळी कुळकुळीत वेणी, नि डोळे असे की आधीच दोन गुण मिळवून आलीय.

हौसाकाकीनं कोंबडीचा रस्सा नि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. “वाढ गो काकी, अजून वाढ!” मी मागून चिथावत होते. जड पोटानं धावतील कशा? जिवलीनं चार भाकऱ्या मोडल्या, बोटं चाटली नि म्हणाली, “आता खेळायला मजा येल.”

मैदानाभोवती सगळं गाव. मी छाती काढून उभी. तेवढ्यात काकीचा हुकूम सुटला, “पाव्हण्यांच्या पोरी हायत. टाळ्या त्यांच्यासाठी!”

आणि आमच्याच गावानं टाळ्या वाजवल्या. त्यांच्यासाठी!

“काकी, आमी तुमच्या ना?”

“तुमी घरातल्याच गो! तुमचं काय कौतुक!”

शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत. जिवली आत आली, मी झेप घेतली नि तिचा घोटा धरला. पक्का धरला! तेवढ्यात काकी किंचाळली, “अगो सोड तिला! आताच जेवून उठलीय पोर!”

मला हसू फुटलं, हात सैल पडला. जिवलीनं अख्खा पंजा मधल्या रेषेवर आपटला. एका गुणानं हरलो. गाव नाचायला लागलं.

गलका ओसरला तेव्हा बा शेताच्या मधोमध बसलेला दिसला. अंगठ्यानं माती दाबत होता.

“वर घट्ट झालीय,” तो हळूच म्हणाला. “उद्यापर्यंत ओल राहत नाय.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

“काय लावायचा हुता, काका?” जिवलीनं विचारलं.

“वाल.”

“मग आणा की. काठ्या हायत?”

काकी मधे पडली, “पाव्हण्यांनी राबायचं? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!”

“जेवलो तवा पाव्हण्या हुतो,” जिवली म्हणाली, “जिंकलो तवा पण हुतो. आता नाय. जीप साडेपाचला हाय, बिगीनं आणा.”

टोकदार काठ्या आल्या. चौदा पोरी एका रांगेत. काठीनं भोक, दोन दाणे, टाचेनं माती. जिवलीची माझी शर्यतच लागली. बा मागून धावतोय, “खोल नाय गो, बोटभर! बोटभर!” नि स्वतःच हसतोय. आमच्या ओळी अशा वाकड्या की साप लाजावा. पण माहुलीच्या डोंगरामागं ऊन कललं तोवर तुकडा संपला. बा नि आयला दोन दिस लागले असते.

जीप गेली. बांधावर बा नि मी दोघंच राहिलो, हात मातीनं भरलेले.

“पोरी, त्या खेळांना तू कितीची असशील म्हणालीस?”

“एकोणीस.”

“हं.” बानं बोटांवर वर्षं मोजली. “पाच वर्षं हायत. तोवर धरलेला घोटा सोडायचा नाय, एवढं शिक.”

मी उडीच मारणार होते. बानं दंड धरून खाली बसवलं.

“नि हौसाकाकीला अहमदाबादला न्यायचं नाय. देश हरेल!”