भिंतीवरची काठी

"काठी देत नसाल तर मलाही नेऊन तिच्या शेजारी टांगा. दोघींना एकमेकींची सोबत तरी होईल."

कांद्याच्या वाफ्याच्या कडेला बसून सुतारीण नवऱ्याला ऐकवत होती, आणि सुतार पाठमोरा होऊन बांधावरचं गवत उपटत होता. उपटण्यासारखं गवत तिथं उरलंही नव्हतं.

सुतारणीचे सांधे लेकीच्या बाळंतपणापासून धरलेले. लेक सासरी गेली, सांधेदुखी घरीच राहिली. सकाळी बोटं मिटायची नाहीत, आणि दुपारी खुरप्यावर मिटली की उघडायची नाहीत. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, गोळ्यांनी दुखणं दबेल, जाणार नाही. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. तिची सासू म्हणायची, "आमच्याकडचा हत्ती आला तो बसलाच. मुंगीचा पत्ता नाही."

आमच्या प्रार्थनाघरात शिरलं की उजव्या हाताला एक फळ्यांची भिंत लागते. प्रार्थनेनं बरं झालेलं माणूस आपली काहीतरी खूण तिथं टांगून जातं. कुणाची कुबडी आहे, कुणाचा कमरेचा पट्टा. शिंप्यानं एकदा चष्मा टांगला होता. त्याच आठवड्यात त्यानं पाळकसाहेबांच्या झग्याला उजवी बाही डावीकडे लावली आणि चष्मा गुपचूप घरी नेला. त्यावर कुणी फार बोललं नाही.

सुताराचं चुकलं ते असं, की बायको बरी व्हायच्या आधीच त्यानं तिची काठी तिथं लावली. आणि सुतारच तो, नुसती टांगली नाही. गिरमिटानं काठीला भोक पाडून आरपार लांब खिळा ठोकला. उद्या आपलंच मन डळमळलं तरी काठी निघू नये म्हणून. नवी काठी करायचं तर नावच नको.

"आपण आधी विश्वास दाखवायचा," तो म्हणायचा, "मग त्याला करावंच लागतं."

"देवाला काय रोजावर लावलायस?" सासू विचारायची. "तुझ्या हौसेपायी माझी सून भिंती धरून चालतेय."

हौस नव्हती ती. बायको रात्रीची कण्हायची ते ऐकून माणूस खंगला होता. पण त्याचं खंगणं दिसायचं नाही, तिचं दिसायचं. वाटेत जो तो विचारी, "आता कसं आहे?" आणि ती तोंड उघडायच्या आत विचारणाराच म्हणे, "फरक पडतोय हां." तीही मान हलवू लागली. सोंगं सगळी आणता येतात, पण बरं असल्याचं सोंग गुडघ्यांना जमत नाही. त्यातच पाळकसाहेबांनी जाहीर केलं, येत्या रविवारी सुतारीणबाई बरं झाल्याची साक्ष देतील. त्या दिवसापासून तिची प्रार्थनाच आटली. डोळे मिटले की समोर ती काठी दिसायची.

म्हणून आज तिनं काठी मागितली होती.

"रविवारपर्यंत कळ काढ," सुतार पाठमोराच बोलला. "एवढ्यावर आल्यावर माघार घ्यायची?"

"अहो, मी काय लढाईवर निघालेय? मला न पडता घरी जायचंय."

तो कामावर निघून गेला. मागोमाग आभाळ काळं झालं. पलीकडच्या वाफ्यात निंदणारी सासू येऊन म्हणाली, ऊठ, भिजशील. सुतारीण सासूच्या खांद्याला धरून उठली, आणि पावसाच्या पहिल्याच सरीला पाय निसटून वाफ्यातल्या सरीत आडवी झाली. चिकण मातीची जमीन ती. म्हातारीनं ओढून पाहिलं, पण म्हातारीच पडायला आली.

"पडून राहा. हातगाडी आणते," म्हणून सासू पळाली. म्हणजे तिच्या परीनं पळाली.

पाऊस तोंडावर पडत होता. सुतारणीला कूस बदलता येईना. चिखल कानात गेला. तिला वाटलं, आता पाणी चढलं तर बरं, साक्ष तरी टळेल. आणि मग तिचा बांध फुटला. इतकी वर्षं ती देवापुढे हळू, गोड, मागणाऱ्या माणसासारखी बोलत आली होती. आता जे तोंडाला येईल ते बोलली. तू दिसतोस कसा, ऐकतोस कसा, माझ्या हाडांनी तुझं काय खाल्लं, दुसऱ्यांची दुखणी काढताना माझंच दार कसं चुकतोस. घसा बसेपर्यंत बोलली. दुखणं तसूभर हललं नाही. पाऊसही थांबला नाही.

सासू हातगाडी घेऊन आली, सोबत शिंपी होता. दोघांनी तिला वर घातलं. वाटेत ती म्हणाली, "आई, मी आज फार बोलले."

"बोल की. नवराच आहे."

"त्यांना नाही. देवाला."

सासू थोडी चालली. "मग?"

"समोर कुणी नसतं, तर एवढं भांडता आलं असतं का?"

"तुझे सासरे मी भांडायला लागले की उठून बाहेर जायचे."

"हा गेला नाही," सुतारीण म्हणाली.

रविवारी ती सासूच्या आधारानं उभी राहिली. सुतार पहिल्या बाकावर हात जोडून बसला होता.

"मी बरी झालेली नाही," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणतात, होणारही नाही. मी आजवर देवाकडे फक्त गुडघे मागत होते. त्यामुळे तो शेजारी बसलाय हे बघायचंच राहिलं. परवा चिखलात त्याला वाटेल ते बोलले, तरी तो तिथंच होता. माझी साक्ष एवढीच. आता माझी काठी द्या, मला घरी जायचंय."

पाळकसाहेब पुस्तकाची पानं उगाच चाळू लागले. शिंप्यानं चष्मा काढून पुसला.

मग सुतार उठला. काठी धरून त्यानं हिसडा दिला. निघेना. त्याचंच काम ते, पक्कं. तो घरी गेला, जंबूर घेऊन आला, आणि सगळ्यांच्या देखत भिंतीला पाय लावून स्वतः ठोकलेला खिळा उपटू लागला. खिळा करकरत बाहेर आला तेव्हा त्याचे खांदे हलत होते. काठी तिच्या हातात देताना तो म्हणाला, "भोक पडलंय. पाणी जाईल आत. खुंटी मारून बुजवून देतो."

"राहू द्या," ती म्हणाली. "थडग्यातून उठल्यावर प्रभूनं तरी आपल्या हातांतली क्रुसाच्या खिळ्यांची भोकं कुठं बुजवली?"

सोमवारी तिची बोटं मिटली नाहीत. काठी टेकत ती वाफ्यापर्यंत आली आणि कडेला बसली. सुतार कामावर गेला नव्हता. प्रार्थना करू का, असंही त्यानं विचारलं नाही. तिच्या हातातलं खुरपं घेतलं, गुडघे टेकले आणि तिची ओळ निंदायला लागला.

"कांदे उपटू नका म्हणजे झालं," ती म्हणाली.